सही कापू नका

आग लागलेल्या खोलीत टोपी घालून बसलेला, समोर कॉफीचा कप ठेवून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारा कुत्रा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तो काढला कुणी? ज्यांना माहीत आहे त्यांनी हात वर करा.

के. सी. ग्रीन. २०१३ साली त्यांच्या ‘गनशो’ या वेबकॉमिकमध्ये ती सहा चौकटींची गोष्ट आली. आपल्यापर्यंत पहिल्या दोनच चौकटी पोचल्या. शेवटी कुत्रा आगीत वितळतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. नाव तर गेलंच, गोष्टही अर्धी राहिली.

हाच गुन्हा माझ्याकडूनही झालाय. मॅस्टोडॉनवर एक कॉमिक टाकताना फोनवर नीट दिसावं म्हणून मी खालची पट्टी कापली. सही त्याच पट्टीत होती. थोड्या वेळाने एका अनोळखी बाईंनी विचारलं, “छान आहे, तुम्ही काढलंत का?” लाजच वाटली. पोस्ट पुसून नावासह पुन्हा टाकली. दोन दिवसांनी दुसऱ्या एका सर्व्हरवर माझी जुनीच पोस्ट, बिननावाची, तशीच दिसली.

असं का होतं ते समजून घ्या. तिथे एक कंपनी, एक गोदाम असा प्रकार नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामायिक पद्धतीने एकमेकांशी बोलतात. मला फॉलो करणारे ज्या ज्या सर्व्हरवर आहेत, तिथे माझ्या पोस्टची प्रत जाते. मी ती पुसली की ‘पुसा’ असा निरोप मागून जातो. पण समोरचा सर्व्हर तेव्हा बंद असला किंवा निरोप मानत नसला, तर प्रत राहते. मला हे वाईट वाटत नाही. सगळ्या किल्ल्या एकाच मालकाकडे नकोत म्हणूनच तर आपण तिकडे गेलो! मात्र आपली चूक मागे घेण्याची किल्लीही मग कुणाकडे नसते. म्हणून नाव आणि मूळ पानाची लिंक पहिल्याच पोस्टमध्ये हवी. खाली प्रतिसादात लिहिलेलं नाव चित्राबरोबर जाईलच असं नाही.

सगळेच चित्रकार वाटायला मनाई करतात असंही नाही. फ्रान्सचे डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून ‘पेपर अँड कॅरट’ काढतात. त्यांचा परवाना म्हणतो: वाटा, भाषांतर करा, छापून विकासुद्धा, पण श्रेय द्या आणि बदल केला असेल तर तसं सांगा. स्वयंसेवकांनी ते कितीतरी भाषांत नेलंय. ‘एक्सकेसीडी’चे रँडल मन्रो वाटू देतात, विकू देत नाहीत. जिथे परवानगीच लिहिलेली नाही, तिथे चित्र उचलू नका, नुसती लिंक द्या.

आपल्यापैकी काहीजण फुग्यांतलं इंग्रजी पुसून मराठी भरतात. जरूर करा, पण आधी परवाना वाचा. मग चित्रकाराचं नाव लिहा, भाषांतर आपलं आहे हेही लिहा, नाहीतर आपला फसलेला विनोद त्याच्या नावावर जमा होतो.

आता फोन काढा. शेवटचं टाकलेलं कॉमिक उघडा आणि सही दिसते का बघा. तोवर मी पाणी पितो.