मध्यरात्रीची घंटा

पूर म्हणजे काय, हे चेन्नईच्या वेस्ट मांबलमला सांगावे लागत नाही. 2015 च्या डिसेंबरच्या आरंभी तांबरमला एका दिवसात 49 सेंटिमीटर पाऊस कोसळला, अड्यार नदी फुगली आणि इथल्या सखल गल्ल्यांत पाणी शिरले. अशा घटकेला गच्चीवर अडकलेल्याची पात्रता कोणी तपासत नाही. पाणी ओसरले की मात्र आपली तपासणी पुन्हा सुरू होते: याने सखलात घर घेतलेच कशाला, त्याने चार पैसे का नाही साठवले? संकटातला उदारपणा त्या मानाने सोपा. तो रोजच्या व्यवहारात टिकतो का, हा खरा प्रश्न. माझ्या मते टिकतो, आणि त्याचा पुरावा आपल्या तंजावरातच आहे.

1799 च्या तहाने तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्याकडे किल्ला आणि महसुलाचा एक हिस्सा एवढेच उरले. कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राज्य असे हातचे गेलेले असताना, 1801 मध्ये त्यांनी कंपनीचे रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहिले ते रामेश्वराच्या वाटेवरच्या छत्रांविषयी, म्हणजे वाटसरूंना अन्न आणि आसरा देणाऱ्या धर्मशाळांविषयी. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत येईल त्या वाटसरूला भात, शिजलेला न चालणाऱ्याला शिधा, आजाऱ्याला औषध, तान्ह्या मुलाला दूध, वाटेत मेलेल्याला त्याच्या रीतीने अंत्यसंस्कार अशी तिथली व्यवस्था त्यात नोंदली आहे. शिवाय मध्यरात्री घंटा वाजे आणि कोणी जेवायचे राहिले असल्यास यावे, अशी पुकार होई. मला ही घंटा सर्वांत मोलाची वाटते. दारी आलेल्याला वाढणारे पुष्कळ असतात. संकोचाने अंधारात थांबलेल्याला हाक मारायची, तर तो का थांबला याचा निवाडा आधी बाजूला ठेवावा लागतो. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र उभे राहिले.

यावर आक्षेप ठरलेला आहे: अशाने ऐतखाऊ सोकावतात. काही सोकावले असतीलही. पण उलट प्रयोगही झाला आहे. इंग्लंडच्या 1834 च्या कायद्याने गरिबांसाठीच्या आश्रयगृहांतले जिणे सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही वाईट ठेवले, म्हणजे लबाड तिकडे फिरकणार नाही. 1845 मध्ये अँडोव्हरला उघडकीस आले ते असे, की खतासाठी फोडायला दिलेली कुजकी हाडे तिथली भुकेली माणसे चघळत होती. लबाडाला गाळण्यासाठी लावलेली चाळणी आधी लाचाराला गाळते. फसवले जाण्याचा खर्च दोन मुठी तांदळाचा. चुकीच्या निवाड्याचा खर्च माणसाचा. आपल्यापुढे उभा आहे तो कोणत्या वळणाने इथवर आला, हे अनिश्चित आयुष्यात कधीच पुरते कळत नाही, तेव्हा यातला कोणता खर्च सोसावा याबद्दल मला शंका नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. छत्रांत पंक्तिभेद होता आणि तांदूळ रयतेच्या घामाचा होता. मग हा उदारपणा कसला? आक्षेप खरा आहे, तो खोडू नये. मात्र त्यातला निवाडा व्यवस्थेवर आहे, पानावर बसलेल्यावर नव्हे, आणि तसा निवाडा उदारपणाच्या आड येत नाही. छत्रांचे हिशेब काटेकोर ठेवले जात. पण हिशेब धान्याचा, जेवणाऱ्याच्या शीलाचा नव्हे. कृती आणि माणूस यांतला हा भेद आपल्या साहित्यसमीक्षेलाही अजून नीट साधलेला नाही. कविता पडली की आपण कवीचे घराणे काढतो.

छत्रांचे मोडी दफ्तर तंजावरात आहे आणि ते वाचणारे थोडे आहेत. अभ्यासकांना माझी विनंती एवढीच, की ते वाचताना किती पाने वाढली एवढेच मोजू नका. वेगळे कोणाला बसवले आणि घंटेनंतरही कोण आले नाही, याच्या खुणा सापडल्या तर त्याही उतरवून घ्या.