आधी माहिती, मग मशीन
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवातल्या भाषणाला कॉम्प्युटरची हार्ड डिस्क हा विषय जरा रुक्षच. पण आज आपल्या इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत लग्नाचे फोटो, मुंजीचा व्हिडिओ, पेन्शनची कागदपत्रे, एखाद्याने वर्षानुवर्षे खपून टाइप केलेला कुलवृत्तान्त, हे सारे त्या एका डबीत असते. आजोबांची ट्रंक कुठे ठेवली आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. ही डबी मात्र कुणी पाहिलेलीही नसते. मी काही मोठा तज्ज्ञ नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि कार्यालयातले, ओळखीच्यांचे कॉम्प्युटर बघता बघता जे कळले तेवढेच सांगतो.

या डबीत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. इथला वाचणारा हेड मात्र तबकडीला न टेकता काही नॅनोमीटर वरून तरंगत जातो. आपल्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, यावरून कल्पना करा. धुळीचा कणसुद्धा तिथे डोंगरासारखा. म्हणून ही डबी घरी कधीही उघडायची नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलचा एखाद-दुसरा फोटोच त्यात बसला असता. जागा अफाट वाढली, पण फिरणारी वस्तू झिजते हा नियम काही बदलला नाही.

आता डिस्क आजारी आहे हे ओळखायचे कसे? कॉम्प्युटर सुरू व्हायला एकाएकी खूप वेळ लागू लागतो. ठरावीक फोल्डर उघडले की सगळे गोठते. कालपर्यंत उघडणारी फाइल आज उघडत नाही. दर वेळी सुरू होताना विंडोज आपणहून डिस्क तपासायला बसते. आणि सर्वांत वाईट लक्षण म्हणजे आतून येणारा टक-टक आवाज. तो आला की दुसरे काही न करता मशीन बंद करायचे. अशा वेळी चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट तबकडी खरवडत असू शकतो.

मात्र प्रत्येक दोष डिस्कचा नसतो. दर वेळी वेगळाच दोष सांगत निळा पडदा येत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. तारीख-वेळ मागची दिसते आणि डिस्क सापडत नाही असे म्हणतो, तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असू शकतो. तो अगदी स्वस्तात मिळतो. कधी डिस्कची केबलच सैल झालेली असते. मशीन बंद करून, प्लग काढून, केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवली की काम होते. डिस्क गच्च भरली असेल तरीही मशीन रडते.

मग नक्की कसे कळणार? सरकारी नोकराचे जसे सर्व्हिस बुक, तशी डिस्कही स्वतःची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. त्यातल्या तीन ओळी पाहाव्यात. ०५ म्हणजे खराब जागा बाजूला काढून तिच्याऐवजी राखीव जागा वापरली. सी५ म्हणजे वाचता न आलेली, निर्णय बाकी असलेली जागा. आमच्या भाषेत प्रलंबित प्रकरणे. सी६ म्हणजे सुधारता न येणाऱ्या जागा. शेवटच्या रकान्यात या तिन्हींपुढे शून्य असावे. आकडा दिसला आणि तो वाढत चालला, तर डिस्कने निवृत्तीचा अर्ज दिला असे समजा. सी७ वाढत असेल तर मात्र बहुधा केबल बदलावी लागते. आणि निळा रंग ही हमी नव्हे. सगळे ठीक दाखवत असतानाही डिस्क अचानक जाऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. एका परिचित कुटुंबातला कॉम्प्युटर सुरू व्हायला अर्धा तास घेऊ लागला. दुकानदार म्हणाला, “फॉर्मॅट मारून देतो, नवी विंडोज टाकतो.” त्या डिस्कवर घरातल्या आजींच्या आवाजात भोंडल्याची गाणी होती आणि जुन्या मोडी कागदांचे फोटो होते. आजी आता नाहीत. त्यांच्या मुलाने ऐन वेळी विचारले म्हणून बरे झाले. डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडाप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून तो सुरू केला आणि आधी आजींची गाणी, मग मोडी कागद, मग फोटो, सर्वांत शेवटी सिनेमे, या क्रमाने रात्रभर नकल घेतली. थोडे फोटो आले नाहीत, बाकी सगळे वाचले. दोन दिवसांनी ती डिस्क कुठल्याच मशीनला दिसेनाशी झाली. फॉर्मॅट केले असते तर?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी माहिती, मग तपासणी, मग दुरुस्ती. आजारी डिस्कवर विंडोज पुन्हा टाकू नये, डीफ्रॅग करू नये. ‘चेकडिस्क’सुद्धा नकल घेण्याआधी चालवू नये, कारण ते पूर्ण डिस्क खरवडून वाचू शकते आणि फाइलींच्या नोंदी बदलू शकते. फ्रीजमध्ये ठेवण्याचे उपाय ऐकू नयेत. जाणकार माणूस असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची नकल घ्यावी, ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते. टक-टक आवाज असेल किंवा डिस्क दिसतच नसेल, तर माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळेशिवाय मार्ग नाही. तो महाग पडतो आणि यशाची खात्री नसते.

नवी मंडळी म्हणतील, आमच्याकडे एसएसडी आहे. चांगलेच आहे. तिच्यात फिरणारे काही नाही, वेगही भरपूर. पण ती बहुधा आवाज न करता, पूर्वसूचना न देता जाते. म्हणजे नकल तिथेही हवीच.

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपण सारे जाणतो. पण व्यास तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी भारत वैशंपायन, जैमिनी, पैल, सुमंतु आणि शुक या पाच जणांना शिकवले. एकच प्रत ठेवणे त्यांनाही पटले नसावे. आपण निदान तीन प्रती ठेवाव्यात: एक कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा पुण्या-मुंबईच्या मुलीकडे. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नये; विजेचा झटका किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातात. आणि नकल घेतल्यावर चार फाइली उघडून पाहाव्यात. न उघडणारी नकल ही नकल नव्हे.

जगभर ३१ मार्च हा बॅकअपचा दिवस मानतात. पण मार्च एंडला आम्हा सरकारी माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते! त्यापेक्षा आपली खंडेनवमी बरी. त्या दिवशी आपण कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू लावतो, झेंडू वाहतो. यंदा फूल वाहण्यापूर्वी नकल घ्या. नवमीला अजून दिवस आहेत. पण कुणाच्या घरी टक-टक ऐकू येत असेल, त्याने मात्र वाट पाहू नये, आजच बटण बंद करावे.

 गणपती बाप्पा मोरया!