जुने कॅबिनेट, नवा संगणक

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी शिकलो, तिच्याच व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी कोणी विद्वान नाही. संगणक दुरुस्त करणारा कारागीर आहे. म्हणून माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट आपल्यापुढे मांडतो.

आपल्या शाळेच्या जिन्याखाली जुन्या संगणकांचा ढीग पडला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मुदत संपली आणि विंडोज ११ ला यांतले प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. सबब हा सारा माल भंगारवाल्याला द्यावा, असा विचार चालू असल्याचे मी ऐकले. माझी विनंती एवढीच, की विकण्यापूर्वी एकदा झाकण उघडून पाहा. ज्या लोखंडी पेटीला आपण सवयीने 'सीपीयू' म्हणतो, ती खरे म्हणजे नुसते कॅबिनेट आहे. आतले यंत्र म्हातारे झाले म्हणून पेटीही म्हातारी झाली, असे मुळीच नाही.

माझ्या वडिलांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान होते. अब्बा मशीनचे शटल बदलीत, पट्टा बदलीत, पण बिडाचे अंग तसेच ठेवीत. हे शक्य होई, कारण सुटे भाग ठरलेल्या मापाचे मिळत. संगणकाचेही तसेच आहे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे माप जाहीर केले. मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोके अमुक जागी, पाठीमागची खिडकी सुमारे सव्वासहा इंच लांब व पावणेदोन इंच उंच. पुढे २४४ मिलिमीटर चौरस मायक्रो-एटीएक्स आणि २००१ साली १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स असे लहान बोर्ड आले, तरी पाठीमागची खिडकी तीच राहिली. मिनी-आयटीएक्सची चारही भोके तर एटीएक्सच्याच जागांवर येतात. म्हणूनच पंचवीस वर्षांपूर्वीच्या पेटीत आजचा बोर्ड बसू शकतो.

तथापि प्रत्येक पेटी कामाची नसते. आधी तिची पाठ पाहा. तेथे आडवी चौकोनी खिडकी असेल तर ती एटीएक्स समजा. कीबोर्डपुरते एकच गोल भोक असेल, तर ती त्याआधीच्या एटी पद्धतीची आहे. तिच्यात नवा बोर्ड बसवायचा तर पत्रा कापावा लागतो. शिवाय तिच्या पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वीज येत असे. एटीएक्सच्या बटणाला मात्र दोन बारीक तारा असतात आणि त्यांत धोक्याचा दाब नसतो. एटी पेटी नवशिक्याने हाती घेऊ नये.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या पैशांतून नवा मदरबोर्ड आणला व घरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये बसवून मागितला. पेटीच्या तळाला ज्या पितळी खुंट्या असतात, ज्यांना आम्ही स्टँडऑफ म्हणतो, त्या पूर्वीच्या बोर्डाप्रमाणे लावलेल्या होत्या. नवा बोर्ड लहान होता. एका खुंटीवर त्याचे भोक आलेच नाही. ती बोर्डाच्या पाठीला टेकून राहिली. मी बटण दाबले, जळका वास आला आणि त्या मुलाचे पैसे क्षणात गेले. तो काही बोलला नाही, हे मला अधिक लागले. दुसरा बोर्ड मी पदरच्या पैशांनी आणून दिला. तेव्हापासून माझा नेम आहे: आधी साऱ्या खुंट्या काढायच्या, बोर्ड ठेवून भोके पाहायची आणि जेवढी भोके तेवढ्याच खुंट्या परत लावायच्या. आपणही हा नेम पाळा.

दुसरी गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरविणाऱ्या डब्याची. 'पेटी जुनी चालते, तर डबाही चालू द्या,' असे गिऱ्हाईक नेहमी म्हणते. येथे काटकसर करू नका. जुने डबे आपला बराच जोर ५ आणि ३.३ व्होल्टवर देत. आजचे संगणक मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकलेले असतात. जुना प्लग २० पिनांचा, नवा २४ पिनांचा, आणि प्रोसेसरसाठी चार किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी लागते. नव्या डब्याची रुंदी १५० व उंची ८६ मिलिमीटर हीच असल्याने तो जुन्या जागी नीट बसतो. लांबी तेवढी मोजून घ्या. जुना डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आत विजेचा साठा राहतो.

तिसरी गोष्ट हवेची. १९९५ च्या सुमाराचा पेंटियम प्रोसेसर दहा-पंधरा वॉटवर चाले. आजच्या साध्या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेले असते आणि कामाच्या भरात तो त्याहूनही अधिक घेतो. जुन्या पेटीत हवेची वाट म्हणजे समोर खालची एक चीर आणि पाठीमागे ८० मिलिमीटरच्या पंख्याची जागा. तेव्हा ज्यात चित्राची सोय आतच आहे असा कमी वॉटचा प्रोसेसर निवडा. एक पंखा पुढून हवा आत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा लावा. तारा बांधून बाजूला सारा. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा मोह टाळा. काही कार्डे तीनशे मिलिमीटरहून लांब असतात आणि डिस्कच्या पिंजऱ्यावर आदळतात. प्रोसेसरवरच्या कूलरची उंचीही आधी मोजा.

उरलेली कामे सोपी आहेत. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी लावा. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंचांच्या जागी बसविण्यासाठी पट्टी मिळते. फ्लॉपीच्या रिकाम्या जागेत यूएसबीची पुढची पट्टी बसते. पॉवरच्या दिव्याचा प्लग जुना तीन पिनांचा, बोर्डावर जागा दोन पिनांची असते. सुईने एक तार सरकवली की काम झाले. दिव्याला उलटसुलट असते, बटणाला नसते. आणि पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, बोटे सांभाळा.

आपण विचाराल, यात पैसे किती वाचतात? प्रामाणिकपणे सांगतो, फार नाही. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी नवीनच घ्यावी लागते. वाचते ती फक्त पेटीची किंमत. मग हा खटाटोप कशासाठी?

मी येथे शिकत होतो तेव्हा संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. यंत्रावर कापडी आच्छादन असे आणि भिंतीवर पाटी, 'हात लावू नये'. सरांचा दोष नव्हता. यंत्र महाग होते. पण त्या पाटीने माझ्या वर्गातील कितीतरी मुलामुलींच्या मनात भीती बसली, की आतले काम आपल्या आवाक्यातले नाही. ही भीती घालवायला हातात पाना देण्याखेरीज उपाय नाही.

म्हणून माझी सूचना अशी. जिन्याखालच्या ढिगातील एटीएक्स कॅबिनेटे निवडून ठेवावीत. निकामी बोर्ड व तारा मात्र साध्या भंगारात न देता, २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या केंद्राकडेच द्याव्यात. संस्थेने निदान दोन संगणकांपुरते नवे भाग घ्यावेत आणि सुट्टीत मुलामुलींनी ते स्वतः जोडावेत. शिकवायला मी येईन, मोबदला नको. एखादा स्क्रू हरवेल, एखादी तार चुकेल; चुकू द्या. पहिल्यांदा बटण दाबण्यापूर्वी खुंट्या मात्र मी स्वतः मोजीन.