सतरा नंबरचं पत्र

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीतील एका ज्येष्ठ भगिनींनी केलेले भाषण)



मला सांगण्यात आलं, 'काकू, जुन्या शहागंजाबद्दल बोला.' माझं जुनं शहागंज म्हणजे १९७१ सालचं, पोस्टमनची वाट बघणारं. तेच सांगते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे फौजेत. घरी सासू-सासरे, मी आणि आठ महिन्यांची मुलगी. यांच्या पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.' एवढंच. गाव नाही, जिल्हा नाही. पत्रातही ठिकाण लिहायला बंदी. माणूस पंजाबात आहे की राजस्थानात, बायकोलाही माहीत नाही.

पत्रं मागंपुढं यायची. म्हणून यांनी युक्ती काढली. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आकडा टाकायचा. १५ आलं आणि १४ नाही आलं, तर ते वाटेत आहे असं समजायचं. आंतर्देशीय हातात पडलं की मी आधी आकडा बघायची, मग तारीख. त्या तारखेला माणूस सुखरूप होता, एवढीच काय ती खात्री.

३ डिसेंबरला संध्याकाळी युद्धाला तोंड फुटलं. त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. टायफॉइड निघाला. रात्री तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत मी लिहिलं, 'बाळ मजेत आहे. काळजी नसावी.' सासरे म्हणाले, 'असंच लिही. तिकडं त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं पाहिजे.'

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभी. माझ्याकडचं शेवटचं पत्र १६ नंबरचं, २९ नोव्हेंबरचं होतं. पेढा तोंडात घालवेना. घरी फोन नव्हता. वाईट बातमी यायची ती तारेनं. सायकलची घंटा वाजली की पोटात गोळा यायचा. शेजारच्या चाची रोज दुपारी येऊन पोरीला मांडीवर घेऊन बसायच्या. पोस्टमनला 'इनका कुछ आया क्या?' हेही त्याच विचारायच्या, कारण माझ्यानं विचारवत नव्हतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. अक्षर परक्याचं! पाय लटपटले. मग कोपऱ्यात १७ दिसलं, वेडंवाकडं, पण यांचंच. मजकूर असा: 'मजेत आहे. हाताला किरकोळ खरचटलं आहे, म्हणून मित्राकडून लिहून घेतो.'

फेब्रुवारीत रजेवर आले तेव्हा कळलं, उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली होती. आकडा डाव्या हातानं टाकला होता. आणि यांना कळलं, लेक महिनाभर अंथरुणाला खिळली होती. मी चिडले, हेही चिडले. मग दोघंही गप्प. कोण कोणाला बोलणार? त्या दिवशी ठरवलं, वाईट असलं तरी खरं लिहायचं. नोकरी संपेपर्यंत दोघांनीही ते पाळलं.

आज आपल्या सोसायटीतली दोन मुलं सैन्यात आहेत. आता व्हिडिओ कॉल होतो, पण पुढच्या चौकीवर गेलं की चार-चार दिवस फोन लागत नाही. त्यांच्या घरच्यांना सांगते, 'सगळं ठीक' ऐकलं तर पुन्हा एकदा विचारा, आणि तुम्हीही खरं सांगा. बाकीच्यांना सांगते, त्या दिवसांत त्यांच्या दाराची बेल वाजवा. काही बोलायची गरज नाही. नुसतं बसलं तरी पुरतं.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. १७ नंबरचं पत्र माझ्या कपाटात आहे. कुणाला बघायचं असेल त्यांनी घरी यावं, चहा घेऊनच जावं.