संकासुराचे काम कोणाचे?

(मिल्टन कीन्स येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या गणेशोत्सवात आपण इथे मुलांचा दशावतार बसवला. एका बारा वर्षांच्या मुलीने संकासुराचे काम मागितले. "दशावतारात बायका नसतात," असे सांगून तिला रंगपटात मदतीला बसवले. मीही तेव्हा गप्प राहिलो, म्हणून आज बोलतो आहे.

आपल्यापैकी कोकणातल्यांना हा खेळ सांगायला नको. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या देवळांत, जत्रेच्या रात्री, एका बाकड्यावर राजाचा दरबार उभा राहतो. लिहिलेली संहिता नसते, संवाद उत्स्फूर्त असतात. आधी आडदशावतार, मग आख्यान, पहाटे दहीकाला. कलाकारांचे वर्णन लोक एका ओळीत करतात: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. स्त्रीपात्रेही परंपरेने पुरुषच रंगवतात, आणि ती कला मोठी आहे. ती बंद करा असे मी म्हणत नाही.

पण परंपरा म्हणजे नेमके काय? नाव दशावतार असले तरी रात्रभर चालते ते पुराणातले एखादे आख्यान. पायपेटी नंतर आली, विजेचे दिवे आले. हे सगळे चालले. शिवाय हा संकासूर पाहा. वेद पळवणारा असुर देवळातच, देवासमोर, मालवणीत सगळ्यांची टर उडवतो. एवढी मोकळीक देणारा खेळ एका मुलीने बाटेल?

आपले शेजारी काय करतात तेही पाहू. दशावताराचे यक्षगानाशी नाते अभ्यासक सांगतात. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, म्हणजे मराठी रंगभूमीही दक्षिणेची ऋणी आहे. केरळात कथकळी शतकानुशतके पुरुषांची होती. तिथे त्रिपुणितुरा येथे 1975 मध्ये स्त्रियांचा कथकळी संघ उभा राहिला. 1930 साली स्थापन झालेल्या कलामंडलमने मात्र कथकळीच्या नियमित अभ्यासक्रमात मुलींना प्रवेश दिला तो 2021 मध्ये. कथकळी बुडाली नाही.

पुरुष द्रौपदी होऊ शकतो, याचे आपण कौतुक करतो. मग मुलगी असुर का होऊ शकत नाही? उत्तर कलेत सापडत नाही, आपल्या सवयीत सापडते. सातासमुद्रापार येताना पुष्कळ गोष्टी आपण मागे टाकल्या. नेमकी हीच सोबत का आणावी?

यंदा संकासुराचे काम तिला द्यावे, अशी माझी सूचना आहे. तिने अजून मागितले तर.