हजेरीपटावर नसलेली नावे
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की रायपूरच्या गोल बाजारात शाळकरी मुलींच्या आयांची लगबग सुरू होते. मालवीय रोडवरून आत वळावे, तो बांगड्या, शृंगारसाहित्य आणि पूजेच्या सामानाच्या दुकानांची दाटी लागते. कोणाला खोट्या मोत्यांची नथ हवी असते, कोणाला घुंगरू, तर कोणाला खोट्या केसांचा अंबाडा. नऊवारी आजीच्या ट्रंकेतून आधीच बाहेर निघालेली असते. चार दिवसांनी ती मुलगी रंगमंचावर येते, ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव पुकारले जाते आणि आईबाप समाधानाने टाळ्या वाजवतात.

अशाच एखाद्या बाजाराच्या तोंडाशी कधी ढोल वाजू लागतो. बांबूंच्या दोन कैच्यांवर दोर ताणलेला असतो. आठ-नऊ वर्षांची मुलगी हातात आडवी काठी धरून, डोक्यावर लोट्यांची उतरंड तोलत त्यावरून चालत जाते. परतीच्या खेपेला तिच्या पायाखाली थाळी येते. लोक क्षणभर थांबतात, नाणे टाकतात आणि आपल्या खरेदीला लागतात. डोंबाऱ्याची किंवा नटाची पोर, एवढीच तिची ओळख. तिचे नाव कोणी विचारीत नाही.

एकीचे नाव पुकारले जाते आणि दुसरीचे विचारलेही जात नाही. या दोन मुलींमध्ये जे अंतर आहे, तोच या व्याख्यानाचा विषय आहे. सर्कशीत आणि लोकरंगभूमीवर ज्या स्त्रियांनी आयुष्ये वेचली, त्यांचा इतिहास आपल्या पुस्तकांत का सापडत नाही, आणि तो सापडावा यासाठी शाळेने काय करावे, याचा हा विचार आहे.

आरंभ १८८० या वर्षापासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी मराठी कलाजीवनात दोन मोठ्या घटना घडल्या. २० मार्चला विष्णुपंत छत्रे यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ मुंबईत झाला. सांगलीकडचे हे अश्वविद्येचे जाणकार. कियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ पाहून, भारतीयांनाही सर्कस उभारता येते हे त्यांनी सिद्ध केले. पुढे ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले. दोन्ही घटना पाठ्यपुस्तकांतून आणि शतकमहोत्सवांतून आपल्या ओळखीच्या आहेत.

परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ‘शाकुंतला’तली शकुंतला पुरुषाने रंगवली होती, कारण कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे त्या काळी अशक्यच मानले जाई. छत्र्यांच्या सर्कशीत मात्र त्यांच्या पत्नी झुल्यावरची कामे करीत आणि जनावरांनाही शिकवीत. नाटकाने जे दार बंद ठेवले होते, ते तंबूने उघडले होते. तरीही या बाईंचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ‘विष्णुपंतांच्या पत्नी’ एवढाच येतो. पतीचे गाव, गुरू, गायकीचा नाद, रहिमत खाँसाहेबांना त्यांनी दिलेला आश्रय, सारे तपशील जपले गेले. झुल्यावरून हात सोडून देणाऱ्या बाईंचे नाव मात्र क्वचितच लिहिले गेले.

झुल्यावरचे काम म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. उडी घेणारी व्यक्ती आपला झुला सोडते, तेव्हा समोरून पकडणाऱ्याचा झुला नेमका पुढच्या टोकाला यावा लागतो. ती वेळ क्षणाच्या अंशानेही चुकून चालत नाही. घामाने हात निसटू नये म्हणून तळव्यांना भुकटी लावतात. खाली जाळी असली, तरी जाळीत कसे पडावे हेही शिकावे लागते, कारण मान वाकडी पडली तर जाळीही वाचवीत नाही. ही विद्या वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी येते. तिला विद्या म्हणण्याची सवय मात्र आपल्या समाजाला लागली नाही.

बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांच्या ग्रेट बेंगाल सर्कशीत सुशीला सुंदरी नावाची तरुणी हाती शस्त्र न घेता वाघाच्या पिंजऱ्यात जात असे. दक्षिणेत तेल्लिचेरीला कीलेरी कुन्हिकन्नन यांनी कसरतपटू घडवण्याची परंपरा उभी केली. छत्र्यांशी झालेल्या भेटीनंतर ही परंपरा सर्कशीला जोडली गेली आणि तिथून पुढे मुलीही मोठ्या संख्येने तंबूत आल्या. त्यांतील कित्येक अत्यंत गरीब घरांतल्या होत्या. घरात एक खाणारे तोंड कमी व्हावे, म्हणून त्यांना पाठवले जाई. आज नागपूर, उद्या राजनांदगाव, परवा रायपूर असा मुक्काम हलत राहिला की शाळा कोणत्या गावची धरायची? टाळ्या मिळाल्या, पण अक्षरओळख राहून गेली. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत बालकांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले, तोवर या व्यवसायाने सव्वाशेहून अधिक वर्षांची वाट चालून झाली होती.

म्हणून या इतिहासाकडे केवळ कौतुकाने पाहणे हा अर्धा न्याय आहे. त्यात पराक्रम आहे, तशी पिळवणूकही आहे. दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवणे हेच खरे इतिहासाचे शिक्षण.

आता रंगभूमीकडे वळू. तमाशात पूर्वी बाईचे काम नाच्या पोऱ्या करी. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकरीण उभी राहिली, आणि तमाशाच्या बोर्डावर आलेली पहिली स्त्री म्हणून तिचा मान आहे. बापूरावांच्या लावण्या पवळाबाईच्या आवाजात गावोगाव पोचल्या. मात्र लावणीच्या अखेरच्या कडव्यात नाममुद्रा येते ती शाहिराची. गाणारीचे नाव गुंफण्याची जागा त्या रचनेत नव्हतीच. ऐकणाऱ्यांच्या पिढ्या संपल्या की गाणारीचे नावही त्यांच्याबरोबर संपते.

नाटकाच्या बाजूला हिराबाई पेडणेकर होत्या. त्यांनी ‘संगीत जयद्रथविडंबन’ १९०४ साली आणि ‘संगीत दामिनी’ १९१२ साली लिहिले. मराठीतील आद्य स्त्री नाटककारांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. पण त्या कलावंतिणीच्या घरात जन्मल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या लेखनाहून त्यांच्या जन्माचीच चर्चा अधिक झाली.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी एकही स्त्री मिळाली नाही. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी पोटासाठी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली होती. पुढे कमलाबाई गोखले यांनाही तरुणपणीच वैधव्य आले. मुलांना वाढवीत त्यांनी रंगभूमीवरच संसार ओढला आणि प्रसंगी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. पुत्र-नातवांची नावे घरोघरी ठाऊक आहेत. या घराण्याचा पाया मात्र दोन एकाकी स्त्रियांनी घातला, हे किती जणांना सांगता येईल?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या, तशा त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकणारे थक्क होतात. पण थक्क होऊन थांबणे पुरेसे नाही. नवव्या महिन्यात त्या स्त्रीला नाचावे का लागले, हा प्रश्न त्या गोष्टीतच दडलेला आहे. प्रसूतीलाभाचा कायदा देशात १९६१ साली झाला. घोडेस्वारीचे, कसरतीचे व इतर खेळ दाखवणारे व्यवसाय त्याच्या कक्षेत आले ते १९७३च्या दुरुस्तीने. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले, आणि २००२ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला. आता त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. सन्मान आला, पण वेळेवर आला नाही.

ही कहाणी केवळ महाराष्ट्राची आहे, असे रायपूरच्या मराठी माणसाने समजू नये. ज्या मातीत आपल्या पिढ्या रुजल्या, त्या छत्तीसगढच्या नाचामध्येही रात्रभर ‘परी’ होऊन नाचत ते पुरुषच. याच शहरात १९२३ साली जन्मलेल्या हबीब तनवीर यांनी नाचाचे कलावंत आपल्या नया थिएटरमध्ये आणले, तेव्हा देवार समाजातील फिदाबाई पुढे आल्या. ‘चरणदास चोर’मधील त्यांची राणी भारतभर आणि परदेशातही गाजली. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्या नाटकाला पुरस्कार मिळाला. देवार स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गात-नाचत आल्या होत्या, परंतु त्यांच्याकडे पाहण्याची गावाची नजर सन्मानाची नव्हती.

तीजनबाईंचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. भिलाईजवळच्या गनियारीची ही पारधी समाजातील मुलगी आजोबांकडून महाभारत ऐकत वाढली. पंडवानी गाणाऱ्या स्त्रियांनी बसून गावे, असा रिवाज होता. तीजनबाईंनी उभे राहून, हाती तंबुरा घेऊन कापालिक शैलीत भीम आणि दुःशासन साकारले. समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी स्वतःची झोपडी बांधली आणि गाणे सोडले नाही. २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. शाळेत जाण्याची संधी ज्यांना मिळाली नाही, त्यांच्या कलेचा धडा आज शाळांतून शिकवावा लागतो, यात शिक्षणव्यवस्थेला नम्र करणारे बरेच काही आहे.

या स्त्रिया विस्मृतीत का गेल्या, याची कारणे आता स्पष्ट दिसतात. सर्कशीचा इतिहास मालकांच्या नावाने लिहिला गेला, तमाशाचा शाहिरांच्या आणि नाटकाचा नाटककारांच्या नावाने. या स्त्रियांपैकी बहुतेक जणी ज्या जातींत जन्मल्या, त्यांच्याकडे लेखणी उशिरा पोचली. कोल्हाटी, महार, मांग, देवार, पारधी, कलावंत या समाजांतील स्त्रियांची कला उच्चभ्रूंना हवी होती, पण त्यांची सोबत नको होती. शिवाय ही कला देहाची. चित्र भिंतीवर राहते, कविता वहीत राहते. झुल्यावरची झेप मात्र उतरताक्षणी संपते. ती टिकवायची तर दुसऱ्या कोणीतरी लिहावी लागते, आणि लिहिणारे हात त्या काळी दुसरीकडेच गुंतलेले होते.

मग शाळेचे काम काय? शाळा रोज सकाळी एक साधी गोष्ट करते. हजेरी घेते. मुलगी हुशार असो वा मागे पडलेली, श्रीमंताची असो वा हातगाडीवाल्याची, तिचे नाव पूर्ण उच्चारले जाते आणि ती ‘उपस्थित’ म्हणते. इतिहासानेही अशी हजेरी घ्यायला हवी, आणि ती घेण्याची सवय शाळेतच लागू शकते.

पालकांना यानिमित्ताने एक विनंती. सातवीपर्यंत मुलगी संमेलनात नाचते तेव्हा घर आनंदित असते. आठवी-नववीला तीच मुलगी नाटकाचे किंवा कसरतीचे नाव काढते, तेव्हा ‘आता पुरे’ असा सूर अनेक घरांतून निघतो. तो सूर नवा नाही. दुर्गाबाईंनी तो ऐकला, तीजनबाईंनीही ऐकला. अभ्यासाची काळजी जरूर करावी, परंतु रंगमंचाची लाज मुलीच्या मनात पेरू नये.

माजी विद्यार्थिनींना दुसरी विनंती. साठ वर्षांतल्या संमेलनांची छायाचित्रे अनेकींच्या घरी असतील. अशा छायाचित्रांखाली बहुधा ‘समूहनृत्य, इयत्ता सातवी’ एवढेच लिहिलेले असते. ती काढावीत, मागच्या बाजूला प्रत्येकीचे नाव लिहावे आणि शाळेकडे एक प्रत द्यावी. जिचे नाव आठवत नाही, तिच्यासाठी मैत्रिणीला दूरध्वनी करावा. आपल्या आजीने किंवा शेजारच्या काकूंनी गावात पाहिलेली तमासगीर, सर्कशीतली कसरतपटू, नाचातली गायिका यांची नावे आठवत असतील, तर तीही विचारून लिहून ठेवावीत. हीरक महोत्सवात देणगीदारांची यादी छापणे योग्यच आहे. तिच्या शेजारी ही यादीही शोभून दिसेल.

आणि तिसरी विनंती सर्वांनाच. पुढच्या वेळी बाजारात ढोल वाजला आणि दोरावर एखादी मुलगी दिसली, तर नाणे टाकून पुढे जाऊ नये. ती खाली उतरेपर्यंत थांबावे आणि तिचे नाव विचारावे. मग तिच्या आईवडिलांना विचारावे की मुलगी कोणत्या शाळेत जाते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९च्या कायद्याने दिला आहे, आणि वयाला अनुरूप वर्गात मध्येच प्रवेश देण्याची तरतूदही त्यातच आहे. मराठी शाळा असो, हिंदी असो, जवळची जी शाळा असेल तिथे तिचे नाव हजेरीपटावर चढावे. दोरावर तोल सांभाळण्याची विद्या तिच्याकडे आहेच. तिच्या नावाची नोंद करणे आपल्या हाती आहे.