काचेच्या नळीतले औषध आणि टर्कीचे पोट



परसातल्या गावरान कोंबड्यांबरोबर चार-दोन टर्की पाळणारे आता बरेच दिसतात. खुराडे एक, उकिरडाही एकच. टर्की सुस्त बसली, पंख ढिले पडले आणि ती गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकू लागली, की ‘हिस्टोमोनास’ या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्यावा. हा आंधळ्या आतड्यात वाढतो आणि रक्तावाटे यकृतात जातो. मग कलेजीवर गोल चट्टे पडतात. रोगाला ‘ब्लॅकहेड’ म्हणतात, पण डोके काळे पडतेच असे नाही. त्याची वाट पाहू नका. कोंबडी यातून बहुधा निभावते, टर्कीचा मात्र कळपच्या कळप जातो.

अमेरिकेत यावर नायटारसोन हे सोमलयुक्त औषध खाद्यातून देत. २०१५ साली त्याची मान्यता गेली, तेव्हा पर्यायाचा शोध सुरू झाला. आर्कान्सा विद्यापीठात डीऑक्सिकोलिक आम्ल तपासले गेले. पित्त आतड्यात उतरले की तिथले जिवाणू हे आम्ल घडवतात. प्रयोगशाळेत हा परजीवी नळीत वाढवतात. त्याला चक्क तांदळाचे पीठ घालतात आणि पक्ष्याच्या अंगाएवढी ऊब देतात! आम्ल मिसळले की जिवंत किती उरले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. नळीत आम्लाने परजीवीला रोखले. तेच टर्कीच्या खाद्यात दिले, तर रोग हटला नाही.

यात नवल नाही. नळीत परजीवी आम्लात बुडालेला असतो. पोटात औषधाला लांबचा पल्ला गाठायचा असतो, आणि परजीवी तर आतड्याच्या भिंतीत, यकृतात दडतो. म्हणून “प्रयोगशाळेत सिद्ध” एवढ्यावर कुणी पुडी विकली, तर “जिवंत पक्ष्यावर काय झाले?” हे आधी विचारा. बकऱ्याचे पित्त पाजण्याचा घरगुती उद्योगही नको.

खरी मेख जंतात आहे. हा परजीवी उघड्यावर काही तासांत मरतो. पण कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातल्या बारीक जंताच्या अंड्यात तो मातीत वर्षानुवर्षे टिकतो. ती अंडी गांडूळ खाते आणि गांडूळ टर्की खाते. तेव्हा टर्की आणि कोंबड्या वेगळ्या ठेवा. कोंबड्यांच्या जुन्या आवारात टर्कीची पिल्ले सोडू नका. कोंबड्यांना जंताचे औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर द्या. पक्षी मेलाच, तर पुरण्याआधी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या.